म्हाताऱ्या मांजराला खडा होतो तेव्हा

आमचा बंड्या आता पंधराव्या वर्षात आहे. पंचवटीतल्या वाड्यात जिन्याखाली सापडलेला बोका. वाडा पडला, आम्ही इंदिरानगरला फ्लॅटमध्ये आलो, तोही आला. मागच्या थंडीत एका सकाळी त्याच्या शी-शूच्या ट्रेपाशी पातळ, तपकिरी पाण्याचे दोन डाग दिसले. मी ठरवून टाकलं, जुलाब झालेत. दोन दिवस दहीभात चालू ठेवला. तिसऱ्या दिवशी त्यानं ताटलीकडे पाठ फिरवली आणि कपाटाखाली जाऊन बसला, तेव्हा कुठे त्याला उचलून दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी त्याच्या पोटावरून हात फिरवला, मग माझी बोटं धरून तिथेच टेकवली. मागच्या मांड्यांच्या जरा पुढे, कण्याच्या खालच्या बाजूला, चिंचोके ओळीनं लावून ठेवल्यासारखं काहीतरी टणक हाताला लागत होतं. "ताई, जुलाब कसले? आत खडा, म्हणजे वाळून दगड झालेली शी, अडकलाय. त्याच्या कडेनं जे पाणी झिरपतंय तेवढंच तुम्हाला दिसलं."

हा घोळ माझा एकटीचा नाही, अनेक घरांत होतो. म्हणून नव्यानं या फेऱ्यात पडलेल्यांसाठी, जे कळत गेलं ते क्रमानं लिहिते आहे. औषधांची नावं मुद्दाम उशिरा येतील. म्हाताऱ्या मांजराचा कोठा बिघडतो तो बहुतेक वेळा अंगातलं पाणी कमी पडल्यामुळे किंवा कुठेतरी दुखत असल्यामुळे, आणि आपण मात्र सरळ रेचकाची बाटली शोधायला लागतो.

आधी बघा, शू होतेय ना?

मांजर ट्रेमध्ये बसून कुंथतंय, बाहेर काही येत नाही, आणि घरात सगळे म्हणतात, शी अडकली. बोका असेल तर थांबा, आधी शू तपासा. बोक्याची मूत्रनळी फार अरुंद असते. लघवीतल्या गाळानं किंवा बारीक खड्यांनी ती बंद झाली तर रक्तात पोटॅशियम साचत जातं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. इथे सकाळपर्यंत वाट बघायची नसते, मग रविवार असो की लक्ष्मीपूजन.

गोळा होणारं लिटर, म्हणजे ट्रेमध्ये घालायची विकतची वाळू, वापरत असाल तर गेल्या बारा तासांत ओला गोळा झालाय का बघा; साधी वाळू असेल तर ओला डाग शोधा. सारखं ट्रेमध्ये जाणं-येणं, बसल्याबसल्या ओरडणं, शूची जागा चाटत राहणं, थेंब-थेंब गुलाबी पाणी, ही सगळी शू अडकल्याची लक्षणं. बसण्याच्या ढबीवरून ओळखा असंही सांगतात, पण गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या बोक्याची ढब आधीच वाकडी असते, त्यावर विसंबू नका. शंका असली तर शूच अडकली आहे असं धरून निघा. पोट दाबून बघू नका. तटतटलेली लघवीची पिशवी फुटू शकते.

दिवस मोजा

धडधाकट मांजर साधारण दिवसाला एकदा, फार तर दीड दिवसानं शी करतं. ती घट्ट पण ओलसर असते, इतकी की लिटरचे कण तिला चिकटतात. खडा झालेली शी कोरडी, गोट्यांसारखी सुटी असते आणि तिला काही चिकटत नाही. हा फरक एकदा डोळ्यात बसला की ट्रे साफ करतानाच कळायला लागतं.

आठवणीवर मात्र काही सोडू नका. आमच्याकडे तीन माणसं ट्रे साफ करतात आणि प्रत्येकाला वाटायचं, कालच तर झाली होती. आता स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पेन्सिल बांधून ठेवली आहे. नीट झाली की टिंब, खडे असले की फुली, रात्री झोपण्याआधी चौकोन रिकामा दिसला की दुसऱ्या दिवशी सगळे डोळे उघडे ठेवतात. डॉक्टरांनी विचारल्यावर "चार-पाच दिवस झाले असतील" यापेक्षा त्या पानाचा फोटो कितीतरी जास्त सांगतो.

दोन दिवस चौकोन रिकामे, पण मांजर खातंय, फिरतंय, तर डॉक्टरांना फोन करा. तिसरा दिवसही तसाच गेला तर दाखवायलाच न्या. आणि पुढच्यापैकी काहीही दिसलं तर दिवस मोजत बसू नका, निघा: उलट्या, खाणं बंद, कुंथताना कळवळणं, रक्त, लपून बसणं, किंवा बंड्याला झालं तसं फक्त पाणी-पाणी. खाणं बंद होणं हे मांजराच्या बाबतीत आपल्याला वाटतं त्यापेक्षा गंभीर असतं. विशेषतः जाडजूड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचून वेगळंच दुखणं उभं राहतं.

एक नाशिकची गोष्ट. संक्रांतीच्या आगेमागे, येवल्याकडे तर विचारूच नका, मांजा सगळीकडे पडलेला असतो. मांजर दोऱ्याशी खेळता-खेळता तो गिळतं. गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, अजिबात नाही. आत तो आतड्यात ताणून बसलेला असतो आणि ओढल्यावर आतडं कापलं जातं. लांब लोंबणारा भागच कापायचा आणि तसंच दवाखान्यात जायचं.

घरातले उपाय, आणि ते का नकोत

आपल्या घरांत बद्धकोष्ठावर प्रत्येकाकडे उपाय असतो. आमच्याकडे सासूबाई म्हणाल्या, "अगं, विड्याच्या पानाचं देठ एरंडेलात बुडवून लाव, लहान मुलांना नाही का करत?" त्यांच्या हातून तीन पोरं मोठी झाली, त्यामुळे वाद घालणं सोपं नव्हतं. पण मांजराच्या गुदद्वाराच्या आतलं अस्तर नाजूक, त्यात ते सुजलेलं, आणि आत दगडासारखा खडा. देठ काय, थर्मामीटरही घरी घालायचा नाही.

एरंडेल तोंडानंही नको. त्यानं आतड्याला पीळ पडल्यासारख्या कळा येतात आणि खडा मोठा असेल तर तो हलतही नाही. तूप-कोमट पाणी हा दुसरा लाडका उपाय. चाटलेल्या चमचाभर तुपानं विष होणार नाही, पण ते लहान आतड्यातच पचून जातं. मोठ्या आतड्यात अडकलेल्या खड्यापर्यंत वंगण म्हणून पोचतच नाही. मग "पोचेल असं तेल" म्हणून लोक लिक्विड पॅराफिन आणतात. त्याला ना वास ना चव, त्यामुळे सिरिंजनं तोंडात सोडल्यावर मांजराला ठसका लागत नाही आणि ते गुपचूप श्वासनलिकेत उतरतं. मग फुप्फुसाला होणारी सूज खड्यापेक्षा वाईट.

दूध पाजून कोठा साफ करणं हेही तसंच. मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना दुधातली साखर पचत नाही. पातळ होतं ते त्यामुळे, आणि अंगातलं होतं-नव्हतं पाणी त्यात निघून जातं. पाणी कमी पडलं म्हणूनच तर खडा झाला होता.

नाशिकच्या घरात मनुका नाहीत असं सहसा होत नाही. भिजवलेल्या काळ्या मनुकांचं पाणी आपण मुलांना देतो, मांजराला देऊ नका. द्राक्षं आणि मनुकांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात हे पक्कं ठाऊक आहे, आणि म्हाताऱ्या मांजराची मूत्रपिंडं आधीच थकलेली असतात.

आता दोन गोष्टी जिवावर बेतणाऱ्या. मेडिकलमध्ये तयार बाटलीत मिळणारा फॉस्फेटचा एनिमा माणसांसाठी असतो. मांजराला दिला तर रक्तातलं फॉस्फेट चढतं, कॅल्शियम कोसळतं, आणि झटके येऊन मांजर दगावू शकतं. आणि "दुखत असेल बिचाऱ्याला" म्हणून दिलेली पॅरासिटामॉलची गोळी: मांजराचं यकृत ती पचवू शकत नाही, एक गोळीसुद्धा मारक ठरते. घरातल्या इतर दुखण्याच्या गोळ्याही त्याच रांगेत ठेवा.

दवाखाना निवडणं आणि तिथपर्यंत पोचणं

ही तयारी मांजर ठणठणीत असताना करायची. जनावरांचे डॉक्टर म्हणजे पशुवैद्यकाची पदवी घेतलेले आणि राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी असलेले. पाट्यांवर नोंदणी क्रमांक असतो, नसला तर विचारायला लाजू नका. मासे-पक्षी विकणाऱ्या दुकानातला माणूस चांगला असेल, पण त्याच्याकडून बाटलीवर अंदाजानं औषध घेऊ नका. जिल्ह्याचं सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, तिथे कुत्री-मांजरंही बघतात आणि खर्च कमी येतो, पण सकाळी लवकर जा. १९६२ हा सरकारी फोन मुख्यतः गाई-म्हशींसाठी आहे, त्यावर मांजराची भिस्त ठेवू नये.

खाजगी दवाखान्यांना फोन करून चार गोष्टी विचारून ठेवा: एक्स-रे तिथेच होतो का, रक्त कुठे तपासतात, दुपारी आणि रविवारी कोण असतं, आणि मांजराला रात्री ठेवून घ्यावं लागलं तर कुत्र्यांपासून वेगळी जागा आहे का. खर्चाचा अंदाजही आधीच विचारावा, त्यात काही गैर नाही. एका ठिकाणी आम्हाला फक्त एनिमा देऊन घरी पाठवलं होतं. रक्त तपासलं नाही, का झालं ते कुणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. दहा दिवसांत पुन्हा तेच.

नेण्यासाठी वरून उघडणारं कॅरियर घ्या. म्हाताऱ्या, दुखऱ्या मांजराला समोरच्या झरोक्यातून ओढून काढावं लागत नाही. एरवीही ते माळ्यावर न टाकता घरात उघडं ठेवा, आत जुनी गोधडी घाला. बंड्या आता दुपारी त्यातच झोपतो. रिक्षात बसलात की कॅरियरवर टॉवेल टाका आणि मांडीवर आडवं धरा. नाशिकरोडहून गंगापूर रोडला जायचं असेल तर द्वारकेचा चौक संध्याकाळी सात वाजता मांजरासकट अनुभवण्यासारखा नाही. जवळचा डॉक्टर बराच चांगला.

तिथे काय करतील

आधी पोट चाचपतील, मग बहुधा एक्स-रे. खडा किती, कुठवर, आणि मागे जुना अस्थिभंग आहे का ते त्यात दिसतं. कधीकाळी गॅलरीतून पडलेल्या किंवा गाडीखाली सापडून वाचलेल्या मांजराचा कटिभाग वेडावाकडा जुळतो, आणि वाटच अरुंद राहते. आपल्याला ती जुनी गोष्ट आठवतही नसते, तर आठवून सांगा. मांजर कुठली औषधं घेतंय तेही सांगा. काही दुखण्याच्या औषधांनी, लघवी जास्त होणाऱ्या औषधांनी आणि लोहाच्या औषधांनीही खडा होतो.

म्हाताऱ्या मांजरात रक्त तपासणी टाळू नये. क्रिएटिनिन आणि युरिया, म्हणजे मूत्रपिंड. पोटॅशियम, कारण ते कमी झालं की आतड्याचे स्नायू ढिले पडतात. साखर. थायरॉइड. सोबत लघवीची घनता. थकलेलं मूत्रपिंड पाणी धरून ठेवू शकत नाही, मांजर भरपूर पातळ शू करतं, मग शरीर पाण्याची भरपाई मोठ्या आतड्यातून करतं, आणि शी वाळून खडा होते. बंड्याचं नेमकं हेच होतं. वरून मी खूश होते की म्हातारपणी किती छान पाणी पितो.

उपचारात पहिलं येतं ते सलाईन. कोरड्या पडलेल्या मांजराला आधी ओलं केल्याशिवाय एनिमा दिला तर उपयोग कमी आणि त्रास जास्त. मग कोमट पाण्याचा एनिमा, हळूहळू, कधी दोन-तीन वेळा. त्यानंही न निघणारा खडा भूल देऊन हातानं काढावा लागतो. अशा वेळी कुंथताना उलटी होऊन ती फुप्फुसात जाऊ नये म्हणून श्वासनलिकेत नळी घालतात. एका दिवसात सगळं काढायचा हट्ट चांगले डॉक्टर धरत नाहीत, आपणही धरू नये. घरी आल्यावर एखादा दिवस पातळ होईल, मांजर झोपून राहील. खात असेल तर काळजी नको.

पाणी

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पुढचे सगळे महिने यावरच अवलंबून असतात.

चार किलोच्या मांजराला दिवसाला खाण्यातलं धरून साधारण २०० ते २४० मिली पाणी लागतं. आता हिशोब बघा. कोरड्या दाण्यांत पाणी दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ५० ग्रॅम दाणे खाल्ले तर पोटात गेलं पाच मिली. ओल्या खाण्याच्या ८५ ग्रॅमच्या पाकिटात ऐंशी टक्के पाणी, म्हणजे एका पाकिटातून जवळपास ७० मिली. मांजराला मुळात तहान कमी लागते. दाण्यांवर जगणारं मांजर वाटीतून तेवढं पिऊन तूट भरून काढत नाही. म्हणून मूत्रपिंडाच्या किंवा खड्याच्या म्हाताऱ्या मांजराला शक्य तितकं ओल्या खाण्यावर न्यायचं, आणि त्यातही दोन चमचे कोमट पाणी कालवायचं. आयुष्यभर दाणे खाल्लेलं मांजर एका दिवसात ऐकणार नाही. रोज थोडं-थोडं वाढवा, दोन-तीन आठवडे द्या, आणि उपाशी ठेवून वळवू नका.

पाकिटं परवडत नसतील तर चिकनचं पाणी करा. चिकनचे तुकडे नुसत्या पाण्यात शिजवायचे. मीठ नाही, मसाला नाही, आणि कांदा-लसूण तर नाहीच, त्यानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आपल्या रश्श्यातला तुकडा धुऊन दिला तरी चालत नाही, तो कांदा-लसणातच शिजलेला असतो. पाणी गाळायचं, गार झाल्यावर वर साय धरल्यासारखी जमलेली चरबी काढायची, आणि बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवायचं. खाण्याच्या वेळी दोन तुकडे कोमट करून द्यायचे. बंड्या त्या वासानं कपाटाखालून बाहेर येतो. हाडं मात्र फेकून द्या. चघळलेल्या हाडांनी पांढरी, खडूसारखी शी होते आणि तीच अडकते. सुकट-बोंबीलही नको, मीठ फार.

पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा, खाण्यापासून आणि ट्रेपासून लांब. वाटीपेक्षा पसरट थाळी बरी, मिश्या कडांना लागत नाहीत. काही मांजरांना वाहतं पाणीच आवडतं, त्यांच्यासाठी लहान कारंजी मिळतात. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो तेव्हा सकाळी थाळीतलं पाणी इतकं गार असतं की मांजर वास घेऊन मागे फिरतं. त्या दिवसांत कोमट पाणी ओता. आमच्या दोन्ही वेळच्या खड्यांच्या नोंदी थंडीतल्याच आहेत.

मूत्रपिंडाच्या मांजराला डॉक्टर कधी-कधी घरी कातडीखाली सलाईन द्यायला सांगतात. ऐकून पोटात गोळा येतो, पण शिकल्यावर जमतं. खांद्यांमधली कातडी चिमटीनं तंबूसारखी उचलायची, त्या पोकळीत सुई, एका वेळी साधारण १०० मिली, खांद्यावर उंटासारखं उंचवटं येतं आणि काही तासांत जिरतं. सुई दर वेळी नवी. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवली तर मांजर कमी कुरकुरतं. हे डॉक्टरांनी समोर बसवून शिकवल्याशिवाय आणि किती, किती दिवसांनी हे लिहून दिल्याशिवाय करायचं नाही. हृदय कमजोर असलेल्या मांजराला जास्तीचं पाणी फुप्फुसात भरतं.

ट्रे आणि गुडघे

बारा वर्षांवरच्या मांजरांचे एक्स-रे पाहिले तेव्हा सुमारे ९० टक्के मांजरांत सांध्यांची झीज दिसली होती. मांजर लंगडत नाही, ते फक्त उड्या मारणं कमी करतं. सहा इंच उंच कडेच्या ट्रेमध्ये चढायचं, मग मागच्या पायांवर तोल धरून कुंथायचं, हे त्याला नको वाटतं. म्हणून ते धरून ठेवतं. धरून ठेवली की वाळते.

बाजारातले ट्रे बहुतेक लहान आणि उंच असतात. आम्ही बांधकामवाल्यांचं प्लॅस्टिकचं मोठं घमेलं आणलं आणि एका बाजूची कड करवतीनं कापून दोन इंचांवर आणली, कापलेली धार घासून घेतली. मांजराच्या लांबीच्या दीडपट जागा हवी, म्हणजे त्याला आत वळता येतं. खाली जुनी चटई घातली, फरशीवर पाय घसरत नाहीत. दोन मजली घर असेल तर प्रत्येक मजल्यावर एक ट्रे. आणि दिवसातून दोनदा साफ करा. घाणेरड्या ट्रेला मांजर नकार देतं, त्यात त्याची चूक नाही.

सांधेदुखीवर मांजरांसाठीची औषधं आहेत, डॉक्टर मूत्रपिंड बघून ठरवतात. थंडीत गोधडीखाली गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी, पोळणार नाही इतपत, एवढं आपल्या हातात. पर्शियनसारख्या लांब केसांच्या मांजराचे शेपटीखालचे केस कातरून ठेवा. तिथे जटा होऊन शी बाहेर चिकटून बसते आणि आपण आत अडकली समजतो. रोज विंचरलं तर पोटात जाणारे केसही कमी होतात.

आता औषधं

सगळ्यात जास्त दिलं जातं ते लॅक्ट्यूलोज. ते आतड्यात पाणी खेचून शी मऊ ठेवतं. चार किलोच्या मांजराला साधारण दोन मिलीपासून दिवसातून दोन-तीनदा अशी सुरुवात करतात आणि शी पाहून कमी-जास्त करतात, पण आकडा तुमच्या डॉक्टरांचा. मधुमेही मांजर असेल तर आठवणीनं सांगा, ते गोड असतं. गोड आणि चिकट. बंड्याला त्याचा इतका राग की पहिल्या आठवड्यात माझ्या कुर्त्यावर जास्त आणि त्याच्या पोटात कमी गेलं. गालाच्या बाजूनं, सिरिंजनं, थोडं-थोडं, गिळू देत द्यायचं. परिणामाला एक-दोन दिवस लागतात.

दुसरं पॉलिएथिलीन ग्लायकॉलची बिनचवीची पावडर, चमच्याच्या आठव्या भागापासून पाव चमच्यापर्यंत, ओल्या खाण्यात मिसळून. कोलोनोस्कोपीआधी माणसांना देतात ती क्षार घातलेली पावडर वेगळी, मेडिकलवाल्याला नीट सांगा. बरीच मांजरं हे काही न कळता खातात. आमचं शेवटी यावरच स्थिर झालं.

दोन्हींचा एकच नियम: अंगात पाणी असेल तरच. कोरड्या मांजराला देऊन उपयोग नाही, आतड्यात खेचायला पाणी आणणार कुठून?

इसबगोल आणि शिजवलेला लाल भोपळा, म्हणजे आपलं डांगर, यांचं कौतुक सगळीकडे ऐकाल. सुरुवातीच्या, सौम्य खड्यात चमचाभर साधा उकडलेला भोपळा कालवून बघायला हरकत नाही. इसबगोल मात्र पाणी शोषून फुगतं. पाणी कमी पडलं तर तेच आत जाऊन गच्च बसतं. आणि ज्या मांजराचं आतडं आधीच ताणून ढिलं झालंय, त्याला जास्त चोथा म्हणजे ढकलायला जास्त ओझं. त्याला उलट कमी चोथ्याचं, पचायला हलकं खाणं लागतं. म्हणून चोथा सुरू करण्याआधी विचारा. आतडी हलवणारी औषधंही असतात. वाट बंद असताना ती घातक, तेव्हा डॉक्टरांनी लिहिल्याशिवाय नाहीच.

वारंवार होत असेल तर

महिना-दोन महिन्यांनी एनिमाची वेळ येत असेल तर आतडं ताणून गेलंय का ते बघावं लागतं. एक्स-रेवर मोठ्या आतड्याची रुंदी कमरेच्या पाचव्या मणक्याच्या लांबीशी ताडतात. ती जवळपास दीडपट किंवा जास्त भरली तर मेगाकोलनचा संशय घेतात, म्हणजे आतड्याचे स्नायू आकसायचेच विसरलेत. औषधांनी भागत नसेल तर मोठ्या आतड्याचा बराचसा भाग काढून टाकायची शस्त्रक्रिया असते. त्यानंतर काही आठवडे पातळ होतं, पण पुष्कळ मांजरं पुढे छान जगतात. यासाठी मुंबई किंवा पुणं गाठावं लागू शकतं. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचं आहे, आणि महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं मोठं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं. जाण्याआधी वेळ ठरवा, इथल्या डॉक्टरांची चिठ्ठी, एक्स-रे आणि रक्ताचे आकडे सोबत घ्या. कसारा घाटातून चार तास आजारी मांजर घेऊन जायचं, तर त्याला आधी सलाईन देऊन निघावं का, हेही विचारा.

बाकी रोजचं: दहा वर्षांवरचं मांजर दर सहा महिन्यांनी दाखवायचं, लस आणि जंताचं औषध त्याच फेरीत. वजन महिन्याला. सामान तोलायचा हुकाचा डिजिटल काटा कॅरियरच्या मुठीला अडकवा, मग रिकामं कॅरियर वजा करा. चार किलोचं मांजर ३.६ वर आलं तर ते दहा टक्के झालं, आपल्या साठ किलोतले सहा गेल्यासारखं.

आणि दाराशी एक पिशवी भरून ठेवा: फाईल, टॉवेल, औषधांची यादी, दोन दवाखान्यांचे नंबर, लिटरची छोटी पुडी. २०२७ चा सिंहस्थ आहेच. स्नानाच्या दिवसांत पंचवटीतून पूल ओलांडून पलीकडे जाणं जमेलच असं नाही, तेव्हा तिकडे राहणाऱ्यांनी नदीच्या आपल्याच बाजूचा एक डॉक्टर आत्ताच बघून, मांजराला एकदा दाखवून ठेवावा.